भिंतीवरचे पेडणेकर

शनिवारी सकाळी दूध घेऊन घरी परतताना दशरथ पेडणेकरांना नवघर रोडच्या भिंतीवर दशरथ पेडणेकर दिसले. भिंतीवरचे पेडणेकर खऱ्या पेडणेकरांच्या तिप्पट होते. डोळे वटारलेले, तोंड आ वासलेलं, कपाळापासून छातीपर्यंत लाल ओघळ आणि उगारलेल्या हातात कोयता. खाली ठिबकत्या अक्षरांत पिक्चरचं नाव होतं, 'आधी रात का कोयता'. आणि त्याखाली सूचना, 'कमजोर दिलवाले न आएँ'. खऱ्या पेडणेकरांचं दिल कमजोरच होतं. त्यांच्या हातातली पिशवी सुटली आणि दूध गटाराच्या दिशेने निघालं.

हा गृहस्थ असा, की कोळणीने पापलेट कापायला घेतलं की आकाशाकडे बघत उभा राहायचा. ऑफिसात शिपायाकडे पाणी मागायचं तरी आधी 'जमलं तर' म्हणायचा. घरात पाल निघाली तेव्हा बायकोच्या हातातला झाडू धरून 'जाऊ दे गं, तिचीही कुणी वाट बघत असेल' म्हणाला होता. अशा माणसाला भल्या सकाळी आपण खुनी आहोत हे भिंतीवरून कळावं म्हणजे काय.

मागे धर्माजी येऊन उभा राहिला होता. नवघर गावातला जुना माणूस. काशीगावात त्याची नारळाची वाडी होती. त्याने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा पेडणेकरांकडे, आणि दोन पावलं मागे सरकला.

"पेडणेकर, ह्ये तुमीच हाय ना?"

"छे हो. दिसतं थोडंसं."

"थोडंसं न्हाय. डोलं तुमचंच हाय. ह्यो माज्या वाडीतला फोटो हाय. मूर्ताचा."

मुहूर्त म्हटल्याबरोबर पेडणेकरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मागच्या दिवाळीनंतर धर्माजीच्या वाडीत एका पिक्चरचं शूटिंग होतं आणि पेडणेकर ते बघायला गेले होते. मुहूर्ताचा नारळ काही फुटेना. हिरोने तो तीनदा दगडावर आपटला, निर्मात्याने आपटला, नारळ उड्या मारत विहिरीपर्यंत जाऊन आला. कोकणातल्या माणसाला नारळाचे असे हाल बघवत नाहीत. पेडणेकर पुढे झाले, धर्माजीचा कोयता घेतला, 'गणपती बाप्पा' म्हणून आवाज दिला आणि एका घावात नारळाची दोन शकलं केली. पाणी उडालं, आरतीचं ताट कलंडलं, कुंकू त्यांच्या कपाळावर आणि पांढऱ्या शर्टावर उडालं, आणि नेमका तेव्हाच फोटोग्राफरने फोटो काढला. "भेज देंगे, अंकल," असं तो म्हणाला होता. फोटो कधी येईल याची पेडणेकर तेव्हापासून वाट पाहत होते.

फोटो आला होता. रंगवणाऱ्याने फक्त नारळ काढून टाकला होता.

घरी गिरिजाबाई चहाचं आधण ठेवून दारातच उभ्या होत्या. "अहो, दूध?"

"गिरिजा, मी भिंतीवर आहे."

बाई खाली जाऊन बघून आल्या आणि खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "उद्या आरोलकर येतायत."

एवढं पुरेसं होतं. ठाण्याचे पंढरीनाथ आरोलकर मुलगी पाहायला येणार होते. क्षितिजा आणि त्यांचा पराग एकाच बँकेत समोरासमोर बसत. पराग तिला मनापासून आवडला होता, आणि गेले काही दिवस ती भांडी घासतानाही गुणगुणत होती. पण पंढरीनाथ म्हणजे जमदग्नीचा अवतार. त्यांच्या घरात त्यांच्याशिवाय कुणाचा आवाज ऐकू येत नाही असं परागच सांगायचा. दोन्हीकडचा खर्च मुलीकडच्यांनी करायचा आणि वर मुलाला स्कूटर, असा निरोप त्यांनी मध्यस्थाबरोबर आधीच धाडला होता. पेडणेकरांचं तेवढं बळ नव्हतं. हातापाया पडून काही कमी करता आलं तर बघू, असं ठरलं होतं. आता ते पाय दारापर्यंत तरी येतील का, हाच प्रश्न होता.

पिक्चर जिथे लागला होता त्या व्हिडिओ पार्लरच्या जयंतीभाईकडे पेडणेकर तडक गेले. जयंतीभाई ढोकळा खात बसला होता. त्यांना बघून त्याने बशी पुढे केली.

"आओ आओ, पेडणेकरसाब. आप तो स्टार बन गया."

"जयंतीभाई, वो पोस्टर निकालो. मेरी लडकी का रिश्ता आ रहा है."

"पोस्टर निकालेगा तो धंधा कैसे होगा? पिक्चर में तो कुछ है ही नहीं."

"म्हणजे? खून वगैरे?"

"खून? अरे, एक थप्पड भी नहीं छे. चार बहू है, एक सास है. पहले रोती है, फिर पूजा करती है, फिर सब मिलके रोती है. नाम था 'सुखी आँगन'. एक आदमी नहीं आया. फिर हमने नाम बदला, पोस्टर बदला. अभी हाउसफुल."

"आणि लोक आत गेल्यावर?"

"रोते हैं," जयंतीभाई म्हणाला. "लेकिन टिकट लेके रोते हैं."

पोस्टर काढायला तो काही तयार झाला नाही. उलट त्याने सहकुटुंब फुकटचा पास देऊ केला. पेडणेकर 'जमलं तर येतो' म्हणून बाहेर पडले. पोस्टर फाडायला गेले तर समोरच्या पानवाल्याच्या टपरीवर माणसं जमली. "अपना ही पोस्टर फाड रहा है. दिमाग गरम है अंकल का," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे आदराने गप्प झाले. चिकटवणारा रामू सायकल थांबवून विनवू लागला, "काका, फाडू नका. फाडलं की शेठ मला दोन लावायला लावतो."

शेवटी गिरिजाबाईंना युक्ती सुचली. सोसायटीच्या सत्यनारायणाचे मोठे छापील कागद घरात उरले होते. चिकटवायला वाटीभर मैद्याची खळ शिजवून त्यांनी नवऱ्याला परत खाली पाठवलं. पण ठेंगण्या पेडणेकरांचा हात भिंतीवरच्या पेडणेकरांच्या छातीपर्यंतच पोचला. छातीवरचे लाल ओघळ झाकले, पिक्चरचं नाव झाकलं, कमजोर दिलवाले झाकले. वर वटारलेले डोळे, वासलेलं तोंड आणि कोयता तेवढा शिल्लक राहिला, आणि बरोबर त्याच्याखाली ठळक अक्षरांत मजकूर आला: 'सर्वांनी सहकुटुंब सहपरिवार अवश्य यावे. आपला नम्र, द. रा. पेडणेकर, सेक्रेटरी.'

कागद ओढून काढावा तर खळ गिरिजाबाईंच्या हातची होती. ती सुटणारी नव्हती.

रविवारी आरोलकर मंडळींची रिक्षा नेमकी त्या भिंतीपाशी थांबली. पेडणेकर गॅलरीतून बघत होते. पंढरीनाथ उतरले, पत्ता शोधायला त्यांनी मान वर केली आणि ती तशीच वर राहिली. त्यांनी वरचा चेहरा पाहिला, खालचं नाव वाचलं, परत चेहरा पाहिला. बायकोच्या कानात काहीतरी सांगितलं. बाईंनी पदर तोंडाला लावला. परत फिरण्यासाठी रिक्षा शोधावी तर रिक्षा गेली होती. तेवढ्यात वरून पेडणेकर हात जोडून, होता नव्हता तेवढा प्रेमळ आवाज काढून म्हणाले, "या ना. तुमचीच वाट बघतोय."

मंडळी आली. सोफ्यावर बसली, म्हणजे टेकली. पंढरीनाथांचा मोठा आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक. पराग तेवढा क्षितिजाकडे बघत होता. पेडणेकरांना वाटलं, आता उठतील आणि जातील, आणि आपली पोर उद्यापासून गुणगुणायची नाही. या विचाराने त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवण्यासाठी त्यांनी ते मोठे केले. पंढरीनाथ आणखी कडेला सरकले.

मे महिन्याचा उकाडा. गिरिजाबाईंनी पाहुण्यांसाठी धर्माजीच्या वाडीतली शहाळी मागवून ठेवली होती, आणि घाबरलेल्या बाईला एकदा ठरलेलं बदलणं सुचलं नाही. आतून हाक आली, "अहो, शहाळी तेवढी फोडून द्या ना."

पेडणेकर उठले. ते आत गेले. दोन मिनिटांनी स्वयंपाकघराच्या दारात आले तेव्हा त्यांच्या एका हातात शहाळं होतं आणि दुसऱ्या हातात कोयता. ते अदबीने विचारणार होते, 'पातळ खोबऱ्याचं चालेल ना?' त्यासाठी त्यांनी तोंड उघडलं.

"काही नको," पंढरीनाथ उभे राहून म्हणाले.

"थोडं तरी..."

"स्कूटर नको. खर्च अर्धा अर्धा. नाहीतर सगळा आम्ही करतो." मग बायकोकडे वळून, "तू बस. पाणी हवंय का तुला? मी आणतो."

आरोलकरबाई चक्रावून नवऱ्याकडे बघत राहिल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. पेडणेकर कोयता हातात घेऊन तसेच उभे. सगळा खुलासा करावा म्हणून त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, तर गिरिजाबाईंनी मागून असा चिमटा काढला की ते नुसतं "अं" म्हणाले. ते 'अं' पंढरीनाथांना फार भारदस्त वाटलं असावं. सुपारी तिथल्या तिथे फुटली.

पण पेडणेकरांचा जीव काही थाऱ्यावर येईना. आपण एका सज्जन माणसाला फसवलं, हे त्यांना जेवू देईना. पुढच्या रविवारी ठाण्याला जाऊन खरं काय ते सांगायचं असं त्यांनी ठरवलं आणि पांढरा शर्ट इस्त्रीला दिला. त्याआधीच शनिवारी दुपारी पराग एकटा आला. बसला, चहा घेतला आणि कप खाली ठेवत म्हणाला, "मी पानवाल्याला नाव विचारून तो पिक्चर बघून आलो."

पेडणेकरांनी आपली बशी खाली ठेवली.

"तुम्ही त्यात कुठेच नाहीयात," पराग म्हणाला. "चार सुना रडतात फक्त. मागच्या रांगेत माझ्या बाजूला एक हमाल पण रडत होता."

"मी उद्या तुमच्याकडेच येणार होतो," पेडणेकर कसेबसे म्हणाले. "बाबांना सगळं सांगायला."

"नका सांगू."

"पण खोट्यावर..."

"ऐका तरी. त्या दिवसापासून बाबा घरात हळू आवाजात बोलतायत. काल आईने आमटी खारट केली तर ताट नाही ढकललं. पाणी पिऊन घेतलं. वर म्हणाले, चालतं कधीकधी. आई रात्रभर जागी होती, बाबांना बरं नाही की काय म्हणून." पराग आत क्षितिजाची चाहूल घेत, आवाज खाली आणून म्हणाला, "फक्त ठाण्याला तुमचं पोस्टर नाहीये. आमच्या गॅलरीसमोर एक भिंत आहे, रिकामी. ते चिकटवणाऱ्याकडे एखादं जास्तीचं मिळेल का?"

पेडणेकर उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"गिरिजा," ते म्हणाले, "जमलं तर थोडी खळ शिजव. घट्ट."