तरसाचा चकचकीत ओंडका

मुलांनो, गोष्ट सांगायची माझी इच्छा नाही. पण सूनबाई म्हणाली, "मामंजी, नुसते बसलाय तर पोरांना काहीतरी सांगा." जसं काही बसणं हे कामच नाही. तर ऐका, मधे प्रश्न विचारू नका.

एका जंगलात एक तरस मटण विकायचा. कुणाचं ते विचारू नका, लहान आहात. मटण तोडायचा त्याचा चिंचेचा ओंडका आजोबांपासूनचा. रोज दुकान मिटलं की तरस ओंडका सुऱ्याने खरवडायचा, जाडं मीठ चोळायचा, सावलीत उभा ठेवायचा. अधूनमधून तेलाचा हात. ओंडका काळा पडला होता, मधे खोलगट झाला होता. पण ना वास, ना चीर.

एक दिवस कोल्हा आला. हा सिंहाचा स्वच्छता सल्लागार. शेपटीला चिखल होता, पण सल्ला काही शेपटीने द्यायचा नसतो.

"तरसभाऊ, महाराजांच्या मुदपाकखान्याचं मटण तुमच्याकडून घ्यायचं चाललंय. पण हे काळं ध्यान त्यांना दाखवणार?"

"मग काय करू?"

"साबणाच्या पाण्यात रात्रभर बुडवा. कडक उन्हात वाळवा. वर व्हार्निश."

"लाकूड आहे ते, कोल्होबा. धोतर नाही."

"राहू द्या मग. लांडगा तयारच आहे."

लांडग्याचं नाव निघालं आणि तरसाची अक्कल पातळ झाली. त्याने ओंडका बुडवला. तो फुगला. उन्हात ठेवला. तडकला. चिरांवर व्हार्निश फासलं.

महाराज आले. ओंडक्यात स्वतःचं तोंड दिसलं म्हणून खूश झाले. तिथंच खिमा करायला सांगितला. पहिल्याच घासाला थुंकले. खिम्यात व्हार्निशच्या खपल्या.

तरसाने कोल्ह्याकडे पाहिलं. कोल्ह्याने ओंडक्याकडे.

"लाकूडच हलकं, महाराज. मी पहिल्यापासून सांगतोय."

मुदपाकखान्याचं काम लांडग्याला गेलं. तरसाचा ओंडका चुलीत गेला. व्हार्निशमुळे छान पेटला. कोल्ह्याला बढती मिळाली. आता तो लांडग्याचा ओंडका बघायला निघालाय.

तात्पर्य: ओंडका राखायला मीठ लागतं, तेल लागतं, सावली लागते. सल्ला द्यायला यातलं काहीच लागत नाही. तेव्हा पोरांनो, मोठे होऊन सल्लेच द्या. तडकतं ते दुसऱ्याचं लाकूड.

आणि माझ्या मटणाच्या दुकानातला ओंडका रात्रभर हौदात बुडवून, "आबा, कसा लख्ख केलाय बघा," म्हणणाऱ्याने अजून माफी मागितलेली नाही. तुमच्या आईचा सख्खा भाऊ, भानुदास.