नील, डावीकडून घुस!

त्या रविवारी मी एक छोटासा निर्णय घेतला. पोराच्या मॅचला नुसतं प्रेक्षक म्हणून जायचं नाही, मार्गदर्शन करायचं. (फुटबॉलला माझा पाय आयुष्यात एकदाच लागला, तोही स्कूटरवरून जाताना. पण मार्गदर्शनाला पाय कुठे लागतात?) शिवाय काळच तसा होता. रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं आणि जो तो सल्लागार होऊन बसला होता. पानठेल्यावरचा माणूससुद्धा चुना लावता लावता मंत्रिमंडळात कोणाला घ्यावं ते सांगायचा. मी तर सरकारी कचेरीतला बाबू. मी काहून मागे राहू?

आमचा नील पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, ब्राह्मणपारा क्लबचा फॉरवर्ड. राजधानी कपची सेमीफायनल होती आणि समोर उरला नावाच्या औद्योगिक वस्तीतल्या कारखान्यांतली पोरं, एकेकाचे खांदे दरवाजाएवढे. नील कॉलेजात गेल्यापासून आमचं बोलणं म्हणजे मी मराठीत विचारायचं आणि त्यानं हिंदीत उडवून लावायचं. ‘जेवलास का?’ ‘हाँ.’ ‘पेपर कसा गेला?’ ‘ठीक.’ पोट्टा माझं ऐकत नाही, हे दुःख मी कचेरीत, भाजीबाजारात, लग्नाकार्यात सगळीकडे सांगून झालं होतं. मैदानावर तरी ऐकेल अशी आशा होती. खरं सांगतो, मॅच जिंकण्यापेक्षा मला तेच हवं होतं.

आणि माझ्याकडे एक हुकमी शस्त्र होतं. मराठी! आम्हा रायपूरच्या मराठी लोकांची ही जुनी खोड आहे. चार लोकांत काही गुपित बोलायचं झालं की आम्ही बिनधास्त मराठीत बोलतो, जणू बाकीच्यांना तेवढ्यापुरतं बहिरेपण येतं. मागच्या दिवाळीत साडीच्या दुकानात मी मीनलला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना म्हटलं, “हा लुटून राहिला, चल पुढच्या दुकानात.” त्यावर साडीची घडी घालता घालता दुकानदारच मराठीत म्हणाला, “पुढचं दुकान माझ्या भावाचं आहे, काका.” शहाणा माणूस यातून काही शिकला असता.

तर मी मैदानाच्या कडेला उभा राहून सुरू झालो. “नील, डावीकडून घुस! आता मधून दे! अरे कोपऱ्यात मार, कोपऱ्यात!” शेजारी एक टोपीवाले गृहस्थ उभे होते. मी ओरडलो की ते माझ्याकडे कौतुकानं पाहायचे, मान डोलवायचे आणि मग मैदानाकडे तोंड करून हिंदीत काहीबाही ओरडायचे. जाणकार माणूस भेटला की बरं वाटतं. मी त्यांना सुपारीसुद्धा दिली.

हाफटाइमला आम्ही तीन गोलांनी मागे होतो.

मी नीलला चार मुद्द्याच्या गोष्टी सांगायला निघालो, तेवढ्यात मीनलनं माझी बाही धरली.

“अहो, मी दूध गॅसवर ठेवून आले वाटते.”

“वाटते म्हणजे?”

“म्हणजे ठेवलंच. जा लवकर! घराले आग लागेल!”

आता राजधानी कप मोठा की घर? मी स्कूटर पिटाळली. घरी पोचलो तर गॅस बंद, शेगडी थंड. दूध फ्रिजमध्ये, वर झाकण ठेवलेलं. परत येताना पुरानी बस्तीच्या तोंडाशी स्कूटरनं मान टाकली. ती ढकलत, घाम पुसत मैदानावर पोचलो, तर पोरं नीलला खांद्यावर घेऊन नाचत होती. आम्ही चार-तीननं जिंकलो होतो!

संध्याकाळी आमच्या व्हरांड्यात क्लबची मंडळी जमली. मीनलनं पोहे केले होते. जिंकलेल्या मॅचवर जेवढा वाद होतो तेवढा हरलेल्या मॅचवर होत नाही, हे मला तेव्हा कळलं. क्लबचे अध्यक्ष अनंतराव रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांचं म्हणणं, जिंकलो ते त्यांनी हाफटाइमला वाटलेल्या संत्र्यांमुळे. “नागपूरची होती म्हटलं! पोट्ट्यांच्या अंगात करंट आला.”

“संत्र्याचं काय घेऊन बसलात, भैया,” कोणीतरी म्हणालं. “वारं फिरलं, म्हणून जिंकलो.”

“जिंकलो कसले! पहिल्या हाफात तीन गोल खाल्ले. डिफेन्सले लाज वाटली पाहिजे.”

“अरे, पण मागून येऊन जिंकले ना? त्याले काळीज लागते.”

“काळीज होतं तर पहिल्या हाफात कुठी ठेवलं होतं?”

दुसरा हाफ मी पाहिलाच नव्हता, त्यामुळे मला पूर्ण खात्रीनं बोलता येत होतं. “हे पाहा,” मी म्हटलं, “बी पेरलं की लगेच उगवते काय? पहिल्या हाफात मी जे जे सांगितलं, ते पोरांमध्ये मुरायला थोडा वेळ लागला. दुसऱ्या हाफात फळ दिसलं.” नील बशीत डोकं घालून पोहे खात होता. त्याच्या पाठीवरून मला काही अंदाज आला नाही.

एवढ्यात फाटक वाजलं आणि ते टोपीवाले गृहस्थ आत आले. “नमस्कार मंडळी! मी गुलाबराव, उरल्याच्या टीमचा मॅनेजर. मूळचा अमरावतीकडला. मराठी मानसाचं घर हाय म्हटलं, अभिनंदन करून जावं.” मग त्यांना मी दिसलो. “अजी काका! तुमी दुसऱ्या हाफात कुठी गायब झालते? आमाले तुमची लय आठवण आली!”

“काहून?” मी आनंदानं विचारलं.

“काहून म्हंजे? पयल्या हाफात सारं तुमीच तर सांगून राहिलते आमाले! तुमी म्हटलं ‘डावीकडून घुस’, की मी आमच्या पोट्ट्याइले सांगतलंच, लेफ्ट बंद करो. तुमी म्हटलं ‘कोपऱ्यात मार’, की आमचा गोली कोपऱ्यात हजर. मंग तुमी गेले निघून, अन् आमी झालो आंधळे!”

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. व्हरांड्याचे पत्रे उडतील असे सगळे हसले. सगळ्यांत जास्त नील हसला. इतका मोकळा हसताना मी त्याला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. पण तो माझ्यावरच हसत असल्यामुळे नेमकं काय वाटून घ्यावं ते मला कळेना.

गुलाबराव चहा पिऊन गेले आणि अनंतरावांचं डोकं चालायला लागलं. “फायनलले भिलाईची टीम आहे. मराठी लोक तिकडे आपल्यापेक्षा जास्त. श्यामकांत,” ते माझ्याकडे वळले, “तू यायचं, असंच ओरडायचं, पण सगळं उलटं! नील, बाबा डावीकडे म्हणाले की तू उजवीकडे.”

“कन्फ्यूजन हो जाएगा, अंकल,” नील म्हणाला.

“काही होत नाही. आजवर तू बाबांच्या उलटंच करून राहिला ना?”

मंडळी गेल्यावर मी मीनलला कपबशा विसळायला मदत करत होतो. (मन दुखावलं की मी घरकाम करतो. ती म्हणते, अधूनमधून दुखावलेलं बरं.) मी म्हटलं, “पाहा, पोट्टा माझं ऐकत नाही, हे आता साऱ्या पाऱ्याला माहीत झालं.”

“ऐकत नाही असं कोण म्हणते?” मीनल नळ बंद करून म्हणाली. “तुम्ही ओरडले की तो बॉल सोडून तुमच्याकडे पाहते. मी मागून पाहून राहिली होती ना. लहानपणी सायकल शिकताना असाच पाहायचा तुमच्याकडे. अन् धाडकन पडायचा.”

मी विसळलेलाच कप पुन्हा विसळला. मला ती सायकल आठवली, लाल होती. मी मागून ओरडायचो, ‘समोर पाहा, समोर पाहा,’ आणि तो मान वळवून माझ्याकडे पाहायचा. म्हणजे इतके दिवस ज्याच्यासाठी मी जीव टाकत होतो, ते मला मिळालेलंच होतं. पोरगं माझं ऐकत होतं, आणि ऐकत होतं म्हणूनच चुकत होतं. अशा पोराच्या बापानं काय करावं? उत्तर सोपं होतं, गप्प बसावं. ते मला चांगलं दिसतही होतं. पण क्लबनं मला आता अधिकृत काम दिलं होतं, आणि सरकारी माणूस नेमणूक नाकारत नाही.

आठवडाभर मी उलटं बोलण्याचा सराव केला. एकदा साहेब ‘बसा’ म्हणाले, तर मी बाहेर निघून गेलो.

फायनलच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. अनंतरावांनी मला मैदानाच्या कडेला खास खुर्ची दिली. मी काय ओरडलो म्हणता! डावीकडे, उजवीकडे, मागे, पुढे, गळ्याच्या शिरा तट्ट फुगेपर्यंत. भिलाईच्या एकाही माणसानं माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. आणि नीलनंही पाहिलं नाही. एक गोल खाल्ल्यावर आम्ही पुन्हा मागून आलो, पुन्हा जिंकलो, आणि दोन्ही गोल नीलचे. त्या दिवशी तो असा खेळला, की मधेच मी ओरडायचं विसरून नुसता पाहत राहिलो. काय देखणा खेळत होता हो! (हे अनंतरावांना सांगू नका.)

मॅच संपल्यावर चहाच्या ठेल्यापाशी पुन्हा वाद पेटला. कोणी म्हणे पास चांगले होते, कोणी म्हणे रेफ्री चांगला होता. शेवटी अनंतरावांनी आपल्या गळ्यातला झेंडूचा हार काढून माझ्या गळ्यात घातला. “ही मॅच श्यामकांतच्या घशानं जिंकली! बोला काय म्हणता?” मी काय म्हणणार? घसा पार बसला होता. तरी उरलासुरला आवाज गोळा करून मी नीलला विचारलं, “मी डावीकडे म्हटलं की तुले लगेच उजवीकडे कसं कळून राहिलं होतं रे?”

नील चहा पीत राहिला. मी पुन्हा विचारलं, मोठ्यानं. तो माझ्याकडे पाहून नुसताच हसला.

“पाहा,” मी मीनलला म्हटलं, “अजूनही ऐकत नाही.” आवाज तिथेच संपला.

मीनल पुढे झाली. तिनं नीलची मान वळवली आणि त्याच्या एका कानातून कापसाचा बोळा काढला. मग दुसऱ्या कानातून दुसरा. चांगले तेलात भिजवलेले, दाबून बसवलेले. दोन्ही तिनं रुमालात गुंडाळले.

“थंडीचं वारं कानात जाते ना,” ती सगळ्यांना म्हणाली. मग माझ्याकडे सरकून हळूच म्हणाली, “दर वेळी दूधच कसं उतू जाईल हो?”

नीलनं दोन्ही कान चोळले. मग तो माझ्याजवळ आला, माझ्या गळ्यातला हार सरळ केला आणि किती वर्षांनी कोण जाणे, स्वतःहून, मराठीत विचारलं, “बाबा, तुम्ही काही म्हणून राहिले होते काय?”

केवढं सांगायचं होतं मला त्याला! मी तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही.