उलटं चित्र बघणारे अण्णा

अण्णा चितारी कुठलंही चित्र उलटं धरून बघत. देवाचं असो, नाहीतर बिस्किटाच्या डब्यावरच्या मडमेचं. "सरळ धरलं की चित्र दिसतं, उलटं धरलं की रेघ दिसते," हे त्यांचं शास्त्र. रत्नागिरीत माझ्या बिऱ्हाडाला लागूनच त्यांचा गणपतीचा कारखाना. लोक आपापले पाट आणून देत आणि चतुर्थीला त्यांवर गणपती बसवून नेत.

सव्वीस-सत्तावीस सालची गोष्ट. मुंबईला चित्रकला शिकून मी इथे ड्रॉइंग मास्तर म्हणून आलो होतो. अंगात ऐट भलतीच. मोठ्या तोऱ्यात एक निसर्गचित्र अण्णांपुढे ठेवलं. त्यांनी ते लगेच उलटं केलं.

"मास्तर, झाड कसलं हे?"

"ओक. विलायतेत असतं. पुस्तकातून गिरवलंय."

"मग परसातला काजू काय मेला? हात तुमचा नि रेघ त्या सायबाची!"

असा राग आला! पण म्हातारा बोलला ते खरंच होतं. पगार होता, मान होता, आपलं म्हणावं असं चित्र मात्र एकही नव्हतं. ते कधी होईल की नाही, याचीच मला धास्ती होती.

अण्णांनी उपाय सांगितला. त्यांच्याकडे बांगडे आले की तळण्याआधी मी एकाचं चित्र काढायचं. खोडरबर बंद. मी कागद घेऊन बसलो की त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, चुलीपुढून ओरडायच्या, "आटपा हो मास्तर! तवा तापलाय, तुमचं शेपूट कधी यायचं?" त्या घाईत छाया सुटली, नक्षी सुटली. पाच-सात रेघांत बांगडा कागदावर यायला लागला. श्रावणात मासे बंद, तेव्हा भोपळा. आज लोक माझ्या मोजक्या रेघांचं कौतुक करतात, त्याचं निम्मं श्रेय त्या माउलीच्या तव्याला.

दोनेक वर्षांनी परसातल्या काजूच्या झाडाचं चित्र काढून नेलं. अण्णांनी ते उलटं धरून बराच वेळ बघितलं.

"ही रेघ तुमची," ते म्हणाले. मग कागद परत देत, "माझी कुठली, ते मला ठाऊक नाय."

चाळीस वर्षं ते वडिलांचाच गणपती घडवत होते. तीच सोंड, तेच डोळे. एकदा गणपतीला आपल्या मनासारखे डोळे रंगवले, तर तीन घरांनी पाट परत नेले. पुन्हा धीर झाला नाही.

"बाप थोरच हो माझा. पण मी कोण, ते बघायचं राहिलं."

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरतो तर शेवटच्या बाकावर अण्णा! धुतलेला सदरा, मांडीवर पाटी. मुलं फिदीफिदी हसली. मी काय शिकवणार कपाळ! म्हटलं, "मनात येईल ते काढा."

तासभर ते पाटी हाताआड झाकून खाली मान घालून बसले. घंटा झाल्यावर लाजत पुढे आले. पाटीवर काकू होत्या. नाक जरा वाकडं, पदर कमरेला खोचलेला, चेहऱ्यावर दमल्याभागल्याचं हसू.

"चाळीस वर्षं समोर हाय," ते हळूच म्हणाले, "पण हिला कधी काढलीच नाय."

मी भर वर्गात त्यांच्या पाया पडलो.