पानकात्री कीड

सासूबाई आंघोळीला गेल्या आणि बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला, की सूनबाई कात्री घेऊन बाल्कनीत शिरायची. कुंडीतल्या लिंबाच्या झाडाची दहा पानं देठापाशी कापायची, पर्समध्ये कोंबायची आणि नळ बंद व्हायच्या आत चहाच्या आधणापाशी येऊन उभी राहायची, जणू जन्मात बाल्कनी पाहिली नाही. तीन वर्षं विज्ञानाची सेवा केली की माणूस कुठल्या थराला जातो ते बघा.

तिचा विषय तसा साधा होता. लिंबाची पानं उकळायची, अर्क गाळायचा आणि त्यात चांदीच्या क्षाराचं पाणी घालायचं. थोड्या वेळाने फिकट पाणी तपकिरी होतं, म्हणजे चांदीचे कण तयार झाले. इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारभर सहज मावतील. हे नॅनोकण जंतू मारतात. किती मारतात ते बघायला जंतू वाढवलेल्या बशीत त्या पाण्याचा थेंब ठेवायचा. जंतू मेले, की थेंबाभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं. वर्तुळ जेवढं मोठं, तेवढी पदवी जवळ. सूनबाईची पदवी आठ मिलिमीटरवर येऊन अडली होती. मुदत दोनदा वाढवून झाली होती आणि दीड महिन्याने विद्यापीठाची समिती बसणार होती. या खेपेला हात हलवत गेली असती, तर नावच कापलं गेलं असतं.

पानं बाजारात ढिगाने मिळाली असती, पण मार्गदर्शक सर हट्टाला पेटलेले. "प्रयोग अर्ध्यावर असताना झाड बदलायचं नाही. पहिल्या वर्षी ज्या झाडाची पानं, शेवटपर्यंत त्याच झाडाची." पहिल्या वर्षी ती पानं रीतसर मागून घेतलेली होती. नेमकं त्याच वर्षी झाडाला एकही लिंबू धरलं नाही आणि सासूबाईंनी फर्मान काढलं, "पदवी तुझी, झाड माझं. यापुढे हात लावायचा नाही." तेव्हा वाळवून ठेवलेली पानं आता संपली, म्हणून ही चोरी.

आठवड्याभरात सासूबाईंच्या लक्षात आलं, की झाड विरळ दिसतंय. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या काकांना बोलावलं. काका नोकरीतून निवृत्त झाल्यापासून सगळ्या इमारतीच्या कुंड्यांचे वैद्य झाले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून देठ तपासला.

"वहिनी, पानकात्री कीड आहे ही."

"अगंबाई! हे काय नवीन?"

"फार हुशार जात. बघा ना, कसं सरळ कापलंय. साधी अळी कुरतडते. ही अगदी कात्रीने कापल्यासारखं कापते."

सूनबाई भांडी विसळता विसळता कान देऊन ऐकत होती. तिच्या हातून वाटी निसटली.

"यावर उपाय काय, भाऊजी?"

"फरशी पुसायचं जंतुनाशक असतं ना, ते फवारा. आणि चिकटून राहावं म्हणून त्यात थोडी कपड्यांची खळ घाला."

सासूबाईंनी त्याच दुपारी, सूनबाई प्रयोगशाळेत असताना, दोन झाकणं औषध फवारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा पानं गेली. मग तीन झाकणं. मग चार.

इकडे प्रयोगशाळेत चमत्कार सुरू झाला. आठाचं वर्तुळ चौदावर गेलं, मग एकोणिसावर. सूनबाई पानं धूत होती, नाही असं नाही. पण तीनदा धुवायची ती दोनदा धूत होती, आणि खळ आपलं काम इमानदारीने करत होती. अर्काला लिंबाचा घमघमाट येई, पण लिंबाच्या पानांना लिंबाचा वास येणारच, यात संशय घेण्यासारखं काय? सर तर बाटली नाकाशी धरून डोळे मिटायचे. "वा! काय सुवास आहे! आता हात चाललाय तुझा." सूनबाई हुरळून दहाऐवजी पंधरा पानं कापू लागली. सासूबाई पाच झाकणांवर गेल्या. वर्तुळ सव्वीसवर पोचलं.

समितीला चार दिवस उरले आणि सरांना एक आठवण झाली. "चांदी न घालता, नुसत्या अर्काची बशी केलीस का? समिती पहिलं तेच विचारेल."

"पहिल्या वर्षी केली होती, सर. काहीच आलं नव्हतं."

"पुन्हा कर."

तिने केली. दुसऱ्या दिवशी बशी उजेडात धरली आणि पट्टी लावून दोनदा मोजली. चांदीचा कणही नव्हता आणि वर्तुळ सव्वीसचं सव्वीस! म्हणजे तिच्या नॅनोकणांनी महिनाभर काडीचंही काम केलं नव्हतं. जे काही होतं ते पानात होतं. सर मात्र हर्षाने खुर्चीतून उठले.

"अगं, तुझं झाडच विलक्षण आहे! चल, मला आत्ता दाखव."

"आत्ता? सर, घरी आई असतील…"

"मग बरंच झालं, त्यांनीच वाढवलंय ना!"

सासूबाईंना पाहुण्यांचं फार अगत्य. त्यांनी सरांना थेट कुंडीपाशी नेलं. झाडाला आता अर्धीच पानं उरली होती आणि एका फांदीवर कागदाची पिशवी बांधलेली होती.

"याला खत कोणतं घालता?" सरांनी वही उघडली.

"खत नाही हो, औषध! कीड लागलीय मेली. आज पाच झाकणं फवारलं तरी उद्या पानं गायबच!" त्यांनी अभिमानाने बाटली पुढे केली. बाटलीवर चकचकीत फरशी होती आणि फरशीवर मोठं पिवळं लिंबू.

सरांनी झाकण उघडून हुंगलं. महिनाभर डोळे मिटून ज्याचं कौतुक केलं होतं, तो सुवास त्यांना ओळखता आला. ते हळूच सूनबाईकडे वळले. सूनबाईने मान खाली घातली आणि पर्समधून कात्री काढून कुंडीच्या काठावर ठेवली.

सासूबाईंनी कात्री पाहिली, सरळ कापलेले देठ पाहिले. मग सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मी महिनाभर तुझ्यावर औषध फवारत होते?"

"आई, चुकलं माझं." तिला रडू फुटलं. "मागितली असती तर तुम्ही दिली नसती आणि नाही मिळाली तर माझी तीन वर्षं पाण्यात. आता तर तशीही गेलीच. औषध न लागलेलं एक पान उरलं नाही झाडावर."

सासूबाईंनी कागदी पिशवीकडे पाहिलं. आत दोन वर्षांत धरलेलं एकुलतं एक लिंबू होतं, सुपारीएवढं. त्याला औषध लागू नये म्हणून त्यांनी फवारा सुरू करायच्या आधीच ती फांदी झाकली होती. त्यांनी ते पिशवीवरूनच एकदा चाचपलं. मग त्यांनी कात्री उचलली, पिशवी सोडली आणि अख्खी फांदी लिंबासकट कापून सुनेच्या हातात दिली.

"रडू नकोस. मोजून घे, तेरा पानं आहेत."

शुक्रवारी सूनबाईने समितीपुढे नऊ मिलिमीटरचं वर्तुळ ठेवलं. लहान, पण खरं. आणि शेजारी नुसत्या अर्काची बशी, वर्तुळाशिवाय. सव्वीसची हकीगतही तिने काही न लपवता सांगितली. समितीतले एक वयस्कर सदस्य डोळ्यांत पाणी येईतो हसले आणि मुदत वाढवून मिळाली. घरी येऊन तिने सासूबाईंना फोटो दाखवला.

"एवढंसंच? माझ्या औषधाचं केवढं होतं!"

"तुमचंच जिंकलं, आई."

हल्ली दर सोमवारी सासूबाई स्वतः पानं कापून, तीनदा धुऊन डब्यात भरून देतात. परवा काका कुंडी बघायला आले. नवी पालवी फुटलेली, एकही देठ चोरून कापलेला नाही.

"बघा वहिनी! माझं औषध लागू पडलं. गेली की नाही कीड?"

सासूबाईंनी आत चहा गाळणाऱ्या सुनेकडे एकदा पाहिलं.

"गेली कुठली, भाऊजी," त्या म्हणाल्या, "माणसाळली."