माळकरी आप्पा आणि सरपंच टर्की

गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का आणि तोंडी सदा मांसाचे गुण, असा माणूस आमच्या गोरेगावात एकच: किसनआप्पा. जन्मात त्यांनी अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. पण टर्कीवर बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, आत्ताच नळी चोखून उठलेत.

माझी पिठाची गिरणी त्यांच्या घराला लागून. दळणाला आलेलं माणूस डबा टाकून पळू शकत नाही, हे आप्पांनी कधीच हेरलंय. "छातीचं मांस घ्या, कातडी काढा. प्रोटीन भरपूर, चरबी कमी. जस्त हाय, बी-बारा हाय. बराबर हाय का न्हाई?" बाईने निमूटपणे "व्हय आप्पा" म्हटलं की सुटली. चुकून "काहून?" विचारलं, तर पीठ गार होईपर्यंत ऐकायचं.

एका लग्नात तर बुंदी वाढणाऱ्याचाच हात धरला. "नुसती साखर वाढून राहिला तू. टर्की ठेवली असती तर वऱ्हाड कसं दणकट झालं असतं."

"तुमी खाल्ली का कधी?" कोणीतरी विचारलं.

"मी माळकरी माणूस. पण तुमी काहून अशक्त राहता?"

हे वेड लागलं चंपीपायी. चंपी म्हणजे आप्पांच्या बायकोची, सुलाकाकूंची कुत्री. काकू वारल्या, लेकरूबाळ नाही, घरात आप्पा आणि चंपी दोघंच उरले. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही म्हातारी झाली, नुसत्या भाकरीवर भागायचं नाही, कोंबडी, टर्की असं हलकं मांस उकडून द्या. कोंबडी काय, कोणीही देतं. आप्पांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून टर्कीचा अभ्यास केला आणि एक पिल्लूच आणलं. मोठं झालं की चंपीला घालायचं, असा बेत.

पिल्लाचा दांडगा नर झाला. अंग फुगवून, शेपटीचा पंखा करून तो अंगणभर फिरायचा, म्हणून त्याचं नाव सरपंच पडलं. पंचायतीच्या भोंग्यावर पाणी सुटल्याचं सांगितलं की हा कुंपणावरून जोरात उत्तर द्यायचा. चंपी त्याला टेकून झोपायची. मी मुद्दाम विचारायचो, "आप्पा, भरलं का वजन?"

"अजून न्हाई," आप्पा म्हणायचे. तोवर सरपंचाच्या वजनाने कुंपण वाकलं होतं.

पोळा झाला आणि चंपीने भाकरी सोडली. दूधही हुंगून सोडलं. डॉक्टर म्हणाले, आता टाळू नका. आप्पांनी सरपंचाला पोत्यात घातलं, तोंड तेवढं बाहेर ठेवलं आणि मला सोबत घेऊन हिंगोलीची जीप धरली. गावात कापलं तर चंपीला आवाज जाईल, म्हणाले.

जीपमध्ये शेजारच्या माणसाला उपदेश सुरूच. "कुत्र्याला शिजलेलं हाड द्यायचं न्हाई, आत टोचतं. मीठ, कांदा, लसूण बिलकुल न्हाई." पण आज आवाज बारीक, आणि सरपंचाच्या डोक्यावर उपरणं. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

दुकानदाराने सरपंचाला काट्यावर ठेवलं. "चाचा, अच्छा भरा है."

आप्पा काट्याकडे बघत राहिले. "न्हाई," म्हणाले, "तुमचा काटा खराब हाय."

मग पोतं उचललं, छातीशी धरलं आणि दुसरीकडे तोंड फिरवून कोंबडी मागितली. बिनहाडाची, बिनकातडीची.

घरी आल्यावर अंगणात तीन दगड मांडले. माळ सदऱ्याच्या आत सारली, नाकाला उपरणं बांधलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मांस शिजवलं. मला हसू आवरेना. चंपीने मात्र वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. मग आप्पा घरात गेले आणि काकूंचं जुनं लुगडं खांद्यावरून पांघरून बाहेर आले. वास घेत चंपी जवळ सरकली. आप्पांनी तुकडा बारीक करून हातावर धरला. तिने तो खाल्ला. मग दुसरा.

"मग टर्कीचं काय, आप्पा?" मी विचारलं.

"कोंबडीतबी प्रोटीन हायच की."

हे ते कधी कबूल करतील असं गावात कोणाला वाटलं नसतं. मी म्हटलं, "एका कुत्रीपायी केवढी तकलीफ घेतली तुमी."

आप्पा खाली बघूनच बोलले. "भाऊ, ही गेली तर या घरात सुलाला ओळखणारं माझ्याबिगर कोण राहिलं?"

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. सरपंच येऊन आप्पांच्या पाठीशी बसला. वाटी संपली तशी चंपीने त्यांचा हात चाटून काढला. एरवी मटणाचा वास आला तरी आंघोळीला पळणारे आप्पा तो हात तसाच तिच्यापुढे धरून बसले.