सरवदे वकिलांनी स्वतःवर काढलेली नोटीस

पक्षकाराला सल्ला देऊन झाल्यावर "माझं चुकत असेल, बरं का" असं म्हणणारा वकील तुम्ही पाहिलाय? धाराशिवच्या कोर्टात माझ्या शेजारच्या टेबलावर असा एक बसतो. सरवदे वकील. मूळचे बेंबळीचे, वय साठीच्या आसपास, दिवाणी कामं बघतात.

"सायेब, केस जिंकू न्हवं आपण?" पक्षकार विचारतो.

"माझ्या मते जिंकू. पण माझं मत चुकीचं असू शकतं."

"मग बरोबर मत कुणाचं?"

"ते निकाल लागल्यावर कळंल."

पक्षकार उठतो आणि पलीकडच्या टेबलावर जातो. तिथले वकील छातीवर हात ठेवून हमी देतात. सरवदे वकिलांना त्याचं वाईट वाटत नाही. त्यांना वाईट वाटतं ते कागदात चूक निघाल्यावर. म्हणून प्रत्येक कागद ते तीनदा वाचतात, आणि तिसऱ्यांदा शेवटच्या ओळीकडून वर. किती वाजले विचारलं तरी म्हणणार, "पावणेबारा. पण घड्याळ माझं आहे, दुसरीकडं विचारून घ्या."

अशा माणसानं स्वतःच्या चुकीचा विमा काढावा, यात नवल नाही. असा विमा खरंच असतो. वकिलाच्या चुकीनं पक्षकाराचं नुकसान झालं, तर भरपाई विमा कंपनी देते. आमच्या बाररूममध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, तो फक्त सरवदेंकडे होता. बाकीच्यांना वाटायचं, चूक कबूल करायला पैसे भरायचे म्हणजे अतीच झालं.

मग लॉकडाऊन आला. कोर्ट बंद, बाररूमला कुलूप. एका सकाळी सरवदे वकील माझ्या फाटकाबाहेर उभे. तोंडावर मास्क, हातात छापून आणलेला ईमेल. आत यायला तयार नाहीत. फाटकाबाहेरूनच ओरडले, "मॅडम, विम्याचं पत्र आलंय! संकटकाळात हप्त्याला सवलत! सवलत म्हणजे नक्की काय, ते सांगा!"

गल्लीतल्या खिडक्या पटापट उघडल्या. "कशाचा विमा, वकीलसाहेब? कोरोनाचा?" समोरच्या जोशीकाकांनी विचारलं.

"न्हाय हो. चुकीचा."

"चुकीचा विमा कशाला काढलात?"

हे समजावण्यात पंधरा मिनिटं गेली. शेवटी जोशीकाकांनी स्वतःच निष्कर्ष काढला की सरकारनं सगळ्यांचे हप्ते माफ केलेत, आणि ते आपल्या एजंटला फोन करायला आत गेले. संध्याकाळपर्यंत दोन बायका माझ्याकडे फॉर्म मागून गेल्या.

पत्र मी वाचलं. मोठ्या शहरातल्या मोठ्या फर्म डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं. संकटाचा परिणाम झाला असेल तर वर्षाचा हप्ता एकदम न भरता तीन भागांत भरता येईल, त्यासाठी सोबतचा अर्ज भरून पाठवावा, एवढाच अर्थ. पण अर्जातल्या प्रश्नांनी सरवदे पार गोंधळले होते.

"फर्ममधले भागीदार किती, असं विचारलंय. माझी फर्म आहे का, मॅडम?"

"तुम्ही एकटेच आहात, एक लिहा."

"एकट्याला भागीदार म्हणता येईल? कुणाचा?"

पुढचा प्रश्न, संकटामुळे काम किती घटलं. सरवदे म्हणाले, "आधीच इतकं कमी होतं की घटलेलं सिद्ध कसं करू?"

पण त्यांना खरं अडवलं ते शेवटच्या प्रश्नानं. 'ज्यातून पुढे आपल्यावर दावा होऊ शकेल अशी कोणतीही गोष्ट आपल्याला माहीत असल्यास नमूद करावी.' इतर कुणीही 'नाही' लिहून मोकळं झालं असतं. सरवदे वकिलांनी पुरवणी जोडली, अकरा पानांची. कुठल्या अर्जात स्वल्पविराम राहिला, कुठं पक्षकाराच्या आजोबांचं नाव दत्तात्रयऐवजी दत्तात्रेय पडलं, सगळं.

विमा कंपनीतून एका मुलीचा फोन आला तेव्हा ते पुन्हा माझ्या फाटकाशीच होते. त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला.

"सर, एवढं लिहायची गरज नव्हती."

"म्हणजे ह्या चुका न्हायत?"

"चुका आहेत सर, पण यातनं कोण दावा करणार?"

"तेच तर. कुणीच करत न्हाय," सरवदे म्हणाले. मग आवाज खाली आणून विचारलं, "नववं पान वाचलं का तुम्ही?"

फोन ठेवल्यावर मी नववं पान मागून घेतलं. जळकोटच्या गोदाबाईंचं प्रकरण होतं. हमरस्त्याकडेला त्यांची दोन गुंठे जागा, त्यावर भजी-चहाचं हॉटेल. पुतण्यानं जागेवर दावा लावला आणि खालच्या कोर्टात जिंकला. अपील करायला तीस दिवसांची मुदत. सरवदेंनी ते नऊ दिवस उशिरा दाखल केलं. उशीर माफ करावा म्हणून अर्जही दिला. पण कारणाच्या जागी एकच ओळ, 'वकिलाच्या दुर्लक्षामुळे.' अर्ज नामंजूर झाला आणि जागा गेली.

मी या कोर्टात आले त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट.

"तिला मी तवाच सांगितलं, चूक माझी आहे, माझ्यावर दावा करा. बघू म्हणाली. तीन वर्षं होत आली, अजून बघतीच आहे. दावा विमा चालू असताना आला तरच कंपनी देणार. हप्त्यात खंड पडला तर संपलं. आणि दाव्याची मुदतही सरत आलीय."

आता कुठे मला त्या पत्रासाठी त्यांनी गल्ली का गोळा केली ते कळलं.

सवलत मंजूर झाली. पहिला भाग त्यांनी भरला. निर्बंध जरा सैल झाल्यावर एका सकाळी ते माझ्या घरी आले, या वेळी आतपर्यंत. टेबलावर एक नोटीस ठेवली. गोदाबाईंतर्फे, सरवदे वकिलांना. मसुदा सरवदे वकिलांचा. 'आपण कर्तव्यात अक्षम्य कसूर केली आहे' अशी सुरुवात. खाली गोदाबाईंच्या वकिलाची सही म्हणून मोकळी जागा, माझ्यासाठी.

"जरा कडक झालीय का?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याविरुद्ध मी उभी राहू?"

"मग काय झालं? मी चांगलं उत्तर देणार न्हाय. तुम्ही जिंकाल. माझ्या मते."

माझ्या गाडीतून आम्ही जळकोटला गेलो. गोदाबाईंचं हॉटेल आता रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होतं, भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये. बाईंनी बाकडं पुसलं, चहा ठेवला. सरवदे उभ्या उभ्याच नोटीस वाचू लागले. विमा, कंपनी, भरपाई, सगळं समजावलं.

गोदाबाईंनी मला विचारलं, "म्हंजे म्या यांच्यावर केस करायची?"

"हो."

"कागद कुणी लिवला?"

"यांनीच."

"आन् यांच्या बाजूनं कोण हाय?"

बाईंनी भज्यांचा झारा खाली ठेवला.

"म्या न्हाय करत केस."

"पैसे माझ्या खिशातनं न्हाय जाणार, बाई. कंपनी देईल," सरवदे जवळजवळ विनवत होते.

"कुणीबी देऊ द्या. कागदावर काय लिवलंय तुमी? कसूर केली. म्या त्याच्याखाली अंगठा कसा लावू? त्या वक्ताला म्या आले व्हते की तुमच्या घरला. दोनदा आले. दाराला कुलूप. शेजारीण म्हनली, वकीलसायबांची मंडळी सोलापूरला दवाखान्यात हायती, लई शिरीयस. दुसऱ्यांदा आले तवा म्हनली, गेल्या. म्या पायरीवर बसले जरा वेळ आन् परत आले. माणूस मेल्यावर तारखा कुणाच्या ध्येनात राहत्यात?"

सरवदे वकील बाकड्यावर बसले. नोटिशीचा कागद त्यांनी एकदा उलटा केला, एकदा सुलटा. ते उशीर माफीच्या अर्जात हे कारण लिहू शकले असते. लिहिलं असतं तर कदाचित जागा वाचली असती. मी तसं विचारलं नाही, पण त्यांनीच उत्तर दिलं. "लिहायला बसलो होतो. आमच्या हिचं नाव कोर्टाच्या कागदावर उतरंना, मॅडम. ती खरी चूक."

"त्यापरीस एक करा," गोदाबाई म्हणाल्या आणि डब्यातून घडी घातलेला कागद काढला. "ह्या शेडचा भाडेकरार हाय. मालक सही मागतोय. जरा वाचून द्या."

सरवदेंनी तो घेतला आणि वाचायला बसले. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, चहा दोनदा झाला. एक अट त्यांनी खोडायला सांगितली.

परतीच्या वाटेवर नळदुर्ग मागे पडलं. मग सरवदे काचेतून बाहेर बघत म्हणाले, "दोनदा आली होती म्हणं. मला वाटायचं, त्या दिवसांत आपल्या दारापर्यंत कुणी आलंच न्हाय."

दोन वर्षं मी त्यांच्या शेजारी बसत होते. घरी कोण असतं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"वहिनींचं नाव काय होतं?" मी विचारलं.

"कौसल्या," ते म्हणाले. आणि मग तुळजापूर येईपर्यंत त्यांच्याबद्दलच सांगत राहिले.