थोरल्या काकांना बघायला निघालेला ट्रक

उस्तादच्या मुलीला जुळी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. एक पोर झोपलं की दुसरं उठायचं, त्यामुळे त्या वर्षी घरातलं कुणीच धड जागं नव्हतं आणि धड झोपलेलंही नव्हतं. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढे जे झालं त्यासाठी उस्तादला शिव्या देताना हात जरा आखडता घ्याल.

उस्ताद हे त्याचं खरं नाव नव्हे. ट्रक-स्टँडवर त्याला तसं म्हणत. निम्मे मानाने, निम्मे चेष्टेने. कोण कसं म्हणतंय हे त्याला कधीच ओळखता आलं नाही. पण गाडीचं दुखणं आपल्याला नुसत्या कानाने ओळखता येतं, याबद्दल त्याला काडीचीही शंका नव्हती.

"हे काटे, हे दिवे नवशिक्यांसाठी!" तो म्हणायचा. "इंजिनाने सुस्कारा टाकला तरी मी सांगेन कुठे दुखतंय!"

तर त्या वर्षी थोरल्या काकांकडून निरोप आला. काकांचं काही खरं नाही, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय, ज्यांना भेटायचं त्यांनी भेटून घ्या. उस्तादचे वडील, म्हणजे आबा, हे काकांचे सख्खे धाकटे भाऊ. पण दोघांत वीसेक वर्षं बोलणं नव्हतं. कारण काय, तर शिडी! काकांनी आबांची शिडी नेली आणि परत केली तेव्हा मधली एक पायरी गायब होती. काकांचं म्हणणं, नेली तेव्हाही नव्हती. झालं! एका पायरीपायी दोन्ही घरांतली लग्नं एकमेकांवाचून पार पडली.

निरोप ऐकून आबा नुसते "बरं" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद त्याच बाजूला रिकामी लोखंडी पिंपं पोचवायला निघाला, तर आबा इस्त्रीचा शर्ट घालून आधीच केबिनमध्ये बसलेले! तोंड खिडकीबाहेर, जणू आपण इथे चुकून बसलोय.

बायको एक जुळं खांद्यावर टाकून धावत आली आणि उस्तादला बाजूला ओढून म्हणाली, "अहो, काहीही झालं तरी गाडी मागे फिरवू नका. आज फिरले तर ते पुन्हा निघायचे नाहीत. आणि मग जन्मभर झुरतील."

"आबांना काकांच्या खाटेपाशी नेऊन उभं केलं नाही, तर उस्ताद नाव लावणार नाही!"

"ते नाव तसंही तुमचं नाही," बायको म्हणाली आणि आत गेली.

शहर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, आणि डॅशबोर्डवर एक लाल दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. पुन्हा विझला.

"ते काय डोळा मारतंय?" आबांनी विचारलं.

"कुठे काय?"

"ते लाल. माझ्याकडे बघून मारतंय."

"बॅटरीचा दिवा आहे, आबा. लक्ष देऊ नका."

"लक्ष द्यायचं नाही, तर लाल कशाला केलाय?"

उस्तादने कान टवकारून इंजिनाचा आवाज ऐकायचा प्रयत्न केला. पण मागे रिकामी पिंपं अशी आदळत होती, की भांडीवाल्यांच्या दोन टोळ्यांत मारामारी लागलीय असं वाटावं! इंजिनाने त्या वेळी गाणं म्हटलं असतं तरी कळलं नसतं.

"मागे फिरव," आबा म्हणाले.

"अहो आबा..."

"मी काय, निघालोच होतो दादाकडे. सगळ्यांनी बघितलंय. पण गाडीच नको म्हणत असेल तर मी काय करणार?"

आबांना भावाला भेटायचंही होतं आणि न भेटायला एखादं कारणही हवं होतं. आणि ते कारण आता उस्तादच्या नाकासमोर लुकलुकत होतं!

रस्त्याकडेला एका इलेक्ट्रिशियनची टपरी दिसली, तसा उस्तादने ट्रक घुसवला. इलेक्ट्रिशियन मोठा बोलघेवडा. बॉनेट उघडताच पंक्चरवाला आला, चहा पिणारे दोघे आले आणि सगळ्यांची एकदम निदानं सुरू झाली.

"बॅटरी गेली!"

"छे, अर्थिंगची वायर बघा!"

"माझ्या मेव्हण्याच्या गाडीला अस्संच झालं होतं. शेवटी विकली त्याने."

"ऐकलंस?" आबा खिडकीतून म्हणाले. "विकली त्याने."

इलेक्ट्रिशियनने बॅटरी तपासली, ती ठणठणीत निघाली. पट्टा आवळला. दिवा मिचकावतोच आहे. मग तो बॅटरी भरणाऱ्या डायनामोत डोकं घालून बाहेर आला आणि म्हणाला, "कार्बन झिजलेत. नवे आत्ता माझ्याकडे नाहीत. पण तुम्ही जा बिनघोर! मिचकावतोय म्हणजे अधूनमधून का होईना, चार्जिंग होतंय. मिचकावू दे त्याला. फक्त एक सांगतो, त्या दिव्याला..."

"मला नको सांगूस!" उस्ताद केबिनमध्ये चढत म्हणाला. "दिव्यांचं मला सांगणारे पुष्कळ भेटलेत."

इथेच घात झाला.

कारण पुढे आबांनी दिव्यावरची नजर काढलीच नाही. दिवा लागला की ते बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "बघ." विझला की म्हणायचे, "आता लागेल बघ." आणि दर मैलाच्या दगडापाशी, "फिरव." चहाला थांबले तोवर उस्तादचं डोकं कुकरसारखं झालं होतं. आबा हात धुवायला गेले. उस्तादने इकडेतिकडे पाहिलं, डॅशबोर्डच्या मागे हात घातला, होल्डर फिरवला, आणि तो इवलासा बल्ब काढून शर्टाच्या खिशात टाकला. दिवाच नाही, तर डोळा मारणार कोण!

आबा येऊन बसले. गाडी सुरू झाली. आबांनी बराच वेळ वाट पाहिली.

"थांबलं वाटतं."

"थांबणारच! हात कुणाचा लागलाय?"

आता हे उस्तादला त्या क्षणी ठाऊक नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो. त्याच्या त्या जुन्या ट्रकात गाडी सुरू करताना डायनामोला जागं करणारा करंट त्याच दिव्यातून जायचा. दिवा काढला, की डायनामो फिरतो खरा, पण झोपेतच फिरतो. बॅटरीत काही म्हणजे काही जात नाही. तिच्यातून नुसतं जातच राहतं. इलेक्ट्रिशियनला बिचाऱ्याला हेच सांगायचं होतं.

आणि आबा तर आता खुलले! कारणच हातचं गेलं, तेव्हा भावाला भेटणं अटळ आहे असं त्यांनी मनाशी धरलं असावं. ते लहानपणीच्या गोष्टी सांगू लागले. दादाने त्यांना पाठीवर घेऊन नदी कशी ओलांडली, दादाने त्यांच्या वाटचा मार कसा खाल्ला. मध्येच म्हणाले, "तो पंखा लाव." उस्तादने पंखा लावला. "रेडिओ आहे का?" रेडिओ लावला. पुढे वाऱ्याने धुळीचे लोट उठले, तसे हेडलाइटही लावले. ट्रक एखाद्या मंडपासारखा झगमगत निघाला. त्यात आबांना दर थोड्या वेळाने लघवीला उतरायचं असे, आणि उतरताना त्यांची एकच आज्ञा, "गाडी बंद कर. डिझेल जळतंय!" मग पुन्हा सेल्फ मारायचा. पहिल्यांदा सेल्फ कडकडून बोलला. नंतर खोकला. नंतर तर असा कण्हला, की उस्तादच्या अंगावर काटा आला.

मग रेडिओवरच्या बाईचा आवाज हळूहळू बारीक, खरखरीत होत गेला आणि बंद पडला. पंखा थकला. हेडलाइट काविळीसारखे पिवळे झाले.

"आबा," उस्ताद म्हणाला, "आता पोचेपर्यंत गाडी बंद करायची नाही हं. काहीही झालं तरी. चालू आहे तोवर चालेल. बंद पडली की संपलं."

"का? दिवा तर लागत नाहीये."

उस्तादने शर्टाच्या खिशावर हात ठेवला आणि नजर रस्त्यावरून हलवली नाही.

काकांचं गाव दिसायला लागलं. दिवस मावळत होता. मध्ये एक रेल्वे फाटक तेवढं उरलं होतं, आणि ते त्यांच्या तोंडावर पडलं. ट्रक घरघरत उभा राहिला. उस्ताद खिडकीबाहेर मान काढून रेल्वे येतेय का ते बघू लागला. तेवढ्यात पाठीमागे खट्ट झालं आणि सगळं शांत झालं. इतकं शांत, की मळ्यातल्या पाखरांचा आवाज ऐकू आला.

इंजिन बंद करायची ती खेचायची मूठ आबांच्या हातात होती!

"फाटक पडलंय," आबा म्हणाले. "उगाच डिझेल कशाला जाळायचं?"

उस्तादने चावी फिरवली. टिक्. पुन्हा फिरवली. टिकसुद्धा नाही. त्याने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. तिथे हॉर्न होता. तोही वाजला नाही!

रेल्वे गेली, फाटक उघडलं आणि मागच्या रांगेने एका सुरात बोंब ठोकली. लोक उतरले, धक्का मारायला लागले. पण फाटकावरचा चढ आणि वर पिंपं. ट्रक हत्तीसारखा बसून राहिला. मागचा एक ड्रायव्हर घाम पुसत आला.

"बॅटरीचा दिवा काय म्हणतोय?"

"दिवा काढलाय," उस्ताद पुटपुटला.

"काढलाय? कुठे आहे?"

उस्तादने खिशातून बल्ब काढून तळहातावर धरला. ड्रायव्हरने तो पाहिला आणि मग रांगेकडे वळून ओरडला, "अरे, यांनी डायनामोचा जीव काढून खिशात ठेवलाय रे!" आणि त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं. रांग हसली. सायकलवाले हसले. फाटकवाला खोलीतून बाहेर येऊन हसला.

"म्हणजे माझ्यामुळे काढलास?" आबांनी हळूच विचारलं. उस्तादने मान डोलावली. आबा केबिनमधून उतरले आणि रस्त्याच्या कडेला दगडावर जाऊन बसले. "गाव तिथे दिसतंय," ते म्हणाले, "आणि दादा आता जायचा. मीच बंद केली." त्यांनी डोळ्यांना बाही लावली. हसणारे गप्प झाले. उस्तादला वाटलं, आपण या पिंपांपैकी एखाद्यात शिरावं आणि वरून झाकण लावून घ्यावं.

इतक्यात पलीकडून एक ट्रॅक्टर आला. गावात गेलेल्या कुणा सायकलवाल्याने बातमी पोचवली होती. ट्रॅक्टर काकांचा मुलगा चालवत होता, आणि त्याच्या शेजारी चाकावरच्या पत्र्यावर, घोंगडी लपेटून, हाडांचा सापळा झालेले, खुद्द थोरले काका बसले होते!

"बाबा ऐकेचनात," मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला.

"मी मरायला टेकलोय म्हणून कळवलं," काका खेकसले, "आणि हा फाटकाशी येऊन बसलाय! आता काय मीच येऊ तुला भेटायला?"

आबा उठून उभे राहिले. "दादा, गाडी बंद पडली."

"कुणाची गाडी?"

"पोराची."

"वाटलंच! झालं काय?"

"सकाळपासून दिवा मिचकावत होता. मी सारखा म्हणत होतो, मागे फिरव."

"आणि फिरवली असती तर?"

आबा पायाशी बघत राहिले. "तर आलो नसतो."

काकांनी घोंगडी सावरली. मग म्हणाले, "मग रडतोस कशाला? दोर बांध."

दोर बांधला. ट्रॅक्टरने ट्रक चढावरून ओढला. उतारावर इंजिन एकदाचं धडधडलं. आबा केबिनमध्ये चढलेच नाहीत. ते ट्रॅक्टरच्या दुसऱ्या चाकावर बसले, आणि गाव येईपर्यंत दोघे भाऊ मागे वळून वळून ट्रककडे हात करून भांडत होते. काकांचं म्हणणं दोष बॅटरीचा, आबांचं म्हणणं पोराचा.

रात्री काकांनी बऱ्याच दिवसांनी पोटभर भात खाल्ला. चिडल्यामुळे भूक लागली, असं ते म्हणाले.

आबा त्याच वर्षी डिसेंबरात गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. थोरले काका त्यानंतर नऊ वर्षांनी वारले.